सिलिंडर फोनोग्राफची दुरुस्ती: कामांचा क्रम आणि त्यातल्या नेहमीच्या चुका

जुना सिलिंडर फोनोग्राफ घरी आला की पहिल्या तासाभरात तीन गोष्टी हमखास केल्या जातात: हँडल फिरवून स्प्रिंगला पूर्ण चावी दिली जाते, दिसेल त्या फटीत तेल सोडले जाते आणि सोबत मिळालेला एखादा सिलिंडर, म्हणजे नळकांड्याच्या आकाराची रेकॉर्ड, चढवून त्यावर सुई टेकवली जाते. शंभर वर्षे टिकलेले यंत्र या तासाभरात कायमचे जायबंदी होऊ शकते. वाळून दगड झालेल्या ग्रीसमध्ये अडकलेली स्प्रिंग पूर्ण ताणाखाली तुटते, तेलात भिजलेली धूळ दातेरी चाकांमध्ये कानशीसारखे काम करते आणि घासलेली किंवा चुकीची सुई मेणाच्या सिलिंडरवरचा आवाज खरवडून काढते. म्हणून या लेखात सगळा भर कामांच्या क्रमावर आहे. सिलिंडर सर्वांत शेवटी चढवायचा; त्याआधीच्या सगळ्या चाचण्या त्याच्याशिवाय करायच्या.

लेखात एडिसन कंपनीचे ‘स्टँडर्ड’ हे १८९८ पासून विकले गेलेले मॉडेल आधाराला घेतले आहे. ‘होम’ आणि ‘ट्रायम्फ’ यांची रचना त्याच धर्तीची असल्यामुळे त्यांनाही हाच क्रम लागू पडतो. ‘अंबेरोला’ यंत्रांचा कर्णा पेटीच्या आत असतो आणि त्यांचे काही भाग वेगळे असतात. तिथे फरक पडतो त्या ठिकाणी तसे सांगितले आहे.

## पूर्वतयारी

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात काढावे. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात सरस नीट सुकत नाही, यंत्र फिरवणारा चामड्याचा पट्टा सैलावतो आणि उघड्या ठेवलेल्या पोलादी भागांवर एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात. कळवा असो, ऐरोली असो किंवा वाशी, जूनमध्ये उघडलेले यंत्र दसऱ्यापर्यंत सुटेच पडून राहते आणि तोवर त्यातला एखादा स्क्रू हरवलेला असतो.

साहित्य फार लागत नाही, पण ते आधी जमवावे. रॉकेल आता सहज मिळत नाही. त्याऐवजी रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन पुरते. शिलाई मशीनचे तेल, वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानातले लिथियम ग्रीस, हार्डवेअरच्या दुकानातली ग्राफाइट पूड, जुने मऊ दातघासणीचे ब्रश, बांबूच्या काड्या, सुती कापड, जाड चामडी हातमोजे आणि डोळ्यांवरचा चष्मा एवढे घ्यावे. स्क्रू ड्रायव्हर मात्र हाताला येईल तो वापरू नये. त्याचे पाते स्क्रूच्या खाचेत सैल न राहता पूर्ण बसले पाहिजे. नसेल तर पाते कानशीने घासून खाचेच्या मापाचे करून घ्यावे. खाच फाटलेला स्क्रू काढण्यासाठी पुढे जो त्रास होतो, त्याच्या तुलनेत ही दहा मिनिटे काहीच नाहीत.

हरवलेल्या स्क्रूच्या जागी बाजारातला मेट्रिक स्क्रू दाबून बसवणे ही अतिशय रूढ झालेली चूक आहे. या यंत्रांचे आटे मेट्रिक नाहीत. परका स्क्रू दोन फेरे आत जातो, मग ओतीव लोखंडातले मूळ आटे कापतो आणि भोक कायमचे बिघडवतो. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात लेथवर छोटी कामे करून देणारे टर्नर अजून आहेत. शेजारचा मूळ स्क्रू नमुना म्हणून नेला की तसाच नवा करून मिळतो.

इशारा: गंज सोडवणारे फवारे यंत्रावर सरसकट मारू नयेत. ते वाळल्यावर चिकट थर मागे राहतो आणि फवारा सोनेरी रेघांवर उडाला तर रेघा निघून येतात.

## टप्पा १: आपल्याकडे नेमके काय आहे ते ओळखणे

सिलिंडर दोन मिनिटांचे आणि चार मिनिटांचे असतात. दोन मिनिटांच्या सिलिंडरवर एका इंचात १०० चरे असतात, चार मिनिटांच्या सिलिंडरवर २००. दोन्ही मिनिटाला १६० फेऱ्यांनी वाजतात. म्हणजे दोन मिनिटांत ३२० फेरे होऊन सुई ३.२ इंच पुढे जाते, आणि चार मिनिटांत ६४० फेरे होऊनही तेवढीच पुढे जाते. त्यामुळे चार मिनिटांचा सिलिंडर वाजवण्यासाठी सुईला पुढे नेणारा फीड स्क्रू निम्म्या गतीने फिरावा लागतो आणि सुईचे टोकही बारीक लागते. १९०८ मध्ये चार मिनिटांचे सिलिंडर आल्यानंतर अनेक जुन्या यंत्रांना गती निम्मी करणारी जादा चाके बसवली गेली. मँड्रेलच्या टोकाशी, म्हणजे सिलिंडर ज्यावर चढतो त्या निमुळत्या नळकांड्याच्या टोकाशी, अशी चाके आणि त्यांची सरकती कळ आहे का ते पाहावे. नसेल तर ते यंत्र फक्त दोन मिनिटांचे आहे असे धरावे.

सिलिंडर पाहताना तो आतून पाहावा. आतून पांढरा प्लास्टर आणि बाहेरून निळा असेल तर तो सेल्युलॉइडचा ‘ब्लू अंबेरॉल’ आहे; हे १९१२ पासून आले आणि ते चार मिनिटांचेच असतात. आतूनबाहेरून एकाच काळ्या पदार्थाचा असेल तर तो मेणाचा आहे, आणि तो दोन मिनिटांचा किंवा चार मिनिटांचा असू शकतो. चार मिनिटांच्या काळ्या मेणी सिलिंडरच्या कडेवर बहुधा ‘४ एम’ अशी इंग्रजी खूण असते. तपकिरी, मऊसर मेणाचा आणि कडेवर नाव नसलेला सिलिंडर दिसला तर विशेष जपावे. घरगुती ध्वनिमुद्रण अशाच सिलिंडरवर होत असे, आणि तसे असेल तर त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते.

आता रिप्रोड्यूसर, म्हणजे सुई आणि पडदा असलेली गोल डबी पाहावी. तिच्या अंगावर इंग्रजी अक्षर कोरलेले असते. ‘सी’ असेल तर ती दोन मिनिटांच्या सिलिंडरसाठी. ‘एच’ असेल तर चार मिनिटांच्या. ‘के’ मध्ये दोन सुया असतात आणि डबी फिरवून हवी ती सुई खाली घेता येते. ‘डायमंड बी’ आणि ‘डायमंड सी’ यांची हिऱ्याची सुई फक्त निळ्या सेल्युलॉइडसाठी आहे. अंबेरोला ३०, ५० आणि ७५ या यंत्रांवर ‘डायमंड सी’ असते. म्हणून त्यांवर मेणाचा कोणताही सिलिंडर कधीही लावू नये, अगदी चार मिनिटांचा असला तरी.

तपासणी: यंत्राची गती, रिप्रोड्यूसरचे अक्षर आणि सिलिंडरचा प्रकार या तिन्ही गोष्टी कागदावर एकाखाली एक लिहाव्यात. तिन्ही जुळत नसतील तर पुढचे काम करायला हरकत नाही, पण तो सिलिंडर बाजूला ठेवावा.

## टप्पा २: स्प्रिंगमधला ताण उतरवणे

मोटरला, म्हणजे स्प्रिंगवर चालणाऱ्या यंत्रणेला, हात लावण्याआधी स्प्रिंग पूर्ण मोकळी झालेली असली पाहिजे. रिप्रोड्यूसर काढून ठेवावा, सिलिंडर नसल्याची खात्री करावी, ब्रेकची कळ सोडावी आणि यंत्र आपोआप थांबेपर्यंत फिरू द्यावे. मँड्रेलला बोटाने हलका धक्का देऊन ते पुन्हा फिरते का ते पाहावे.

यंत्र अडकलेले असेल आणि हँडलला दाब जाणवत असेल तर स्प्रिंगमध्ये ताण शिल्लक आहे. तो उतरवण्यासाठी एकाने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरावे, दुसऱ्याने खटका उचलावा आणि हँडल थोडे मागे येऊ देऊन खटका पुन्हा पडू द्यावा. एका वेळी एकच दात. हे काम एकट्याने करू नये. हँडल हातातून सुटले तर ते मनगट मोडेल इतक्या जोराने फिरते.

इशारा: ताण उतरल्यावरही डब्यातली स्प्रिंग डब्याच्या भिंतीवर दाब देत असते. डबा उघडला की ती बाहेर झेपावते. ‘चावी संपली आहे’ याचा अर्थ ‘धोका संपला आहे’ असा घेऊ नये.

## टप्पा ३: नोंद ठेवून सुटे करणे

हँडल पेटीच्या भिंतीतून आत गेलेले असते, म्हणून ते आधी काढावे. ते तसेच ठेवून वरची लोखंडी पाटी उचलली की पेटीची भिंत फुटते. पाटी बिजागऱ्यांवर उघडल्यावर खालची मोटर दिसते. मोटर सोडवण्याआधी चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढावेत आणि पट्टा कोणत्या चाकावरून कसा गेला आहे याचा वेगळा फोटो घ्यावा.

प्रत्येक स्क्रूची लांबी निराळी असू शकते. पुठ्ठ्यावर यंत्राचे ढोबळ चित्र काढून, जो स्क्रू जिथला तिथे टोचून ठेवावा. डब्यांमध्ये वर्गवारी करून ठेवण्यापेक्षा हे बरे, कारण डबे सांडतात आणि वर्गवारी महिन्याभरानंतर आठवत नाही.

## टप्पा ४: पेटी आणि रंगकाम

मोटर बाहेर आहे तोवर पेटीचे काम उरकून घ्यावे म्हणजे सांधे निवांत सुकतात. सुटलेले सांधे सरसानेच जोडावेत. फेविकॉलने जोडलेला सांधा पुढे कुणाला उघडायचा झाला तर लाकूड तोडावे लागते, तर सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. वाळवी किंवा भुंग्याची बारीक भोके आणि ताजा भुसा दिसला तर पेटी घरात आणण्याआधी त्यावर उपाय करावा.

पेटीवरचे मूळ पॉलिश लाखेचे असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून स्पिरिट, सॅनिटायझर किंवा काच पुसण्याचे द्रव लाकडाला लावू नयेत. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन मळ पुसावा, मग कोरड्या कापडाने तेल पूर्ण टिपून घ्यावे. फार फिकट झालेल्या जागी चपडा लाखेचे अगदी पातळ फ्रेंच पॉलिश एखाद्या जाणत्या पॉलिशवाल्याकडून देता येते, पण समोरच्या नावाच्या चित्राला त्याने हात लावू नये असे त्याला आधीच सांगावे. काळ्या पाटीवरच्या सोनेरी रेघांसाठीही हेच: तेलाचे बोट फिरवावे, घासू नये. रेघ अर्धी पुसट झालेली असेल तर ती तशीच राहू द्यावी. नव्या सोनेरी रंगाने ओढलेली जाड रेघ पाहिल्यावर जाणकाराला त्या यंत्राचे वाईटच वाटते.

## टप्पा ५: स्प्रिंगचा डबा

डबा उघडण्याची गरज आहे का, हे आधी ठरवावे. हँडल तात्पुरते परत लावून त्याला चार-पाचच फेरे द्यावेत, मोटर चालू द्यावी आणि कान द्यावा. अधूनमधून ‘धप्’ असा आवाज येऊन यंत्र हादरत असेल, तर वाळलेल्या ग्रीसमुळे स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटत आहेत आणि झटक्याने सुटत आहेत. असा आवाज येत असेल तर डबा उघडणे अटळ आहे, कारण तोच झटका रेकॉर्ड वाजताना सुईला बसतो. आवाज नसेल, स्प्रिंग एकसारखी उलगडत असेल, तर डब्याला हात न लावणे हाच शहाणपणा. या चाचणीनंतर ताण पुन्हा पूर्ण उतरवावा.

उघडायचेच असेल तर हातमोजे आणि चष्मा घालावा. झाकण काढण्याआधी स्प्रिंग कोणत्या दिशेने गुंडाळली आहे त्याचे चित्र काढावे. मग डबा जाड गोणपाटात धरून स्प्रिंगचे आतले टोक पक्कडीने पकडावे आणि एकेक वेढा बाहेर घ्यावा. मोकळा झालेला भाग दुसऱ्या हाताने गोणपाटातच दाबून धरावा. स्प्रिंग बाहेर आल्यावर ती टर्पेंटाइनने पुसत पुसत पूर्ण उजळ करावी आणि दोन्ही टोकांच्या भोकांभोवती भिंगाने तडे शोधावेत. तुटतात ती बहुतेक टोकेच.

बाहेरचे टोक भोकापाशी तुटले असेल तर नवी स्प्रिंग लागेलच असे नाही. तुटका भाग कापून, शेवटचे दोनेक सेंटिमीटरच लाल होईपर्यंत तापवून हळूहळू थंड होऊ द्यावेत, म्हणजे पोलाद मऊ पडते आणि कानशीने जुन्या आकाराचे नवे भोक करता येते. पाण्यात बुडवून थंड करू नये. त्याने पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. स्प्रिंग मध्येच तुटली असेल तर जोडण्याच्या भानगडीत पडू नये. रुंदी, जाडी, लांबी आणि दोन्ही टोकांचा आकार मोजून नवी मागवावी. जाडी मोजायला मायक्रोमीटर हवा, फुटपट्टी चालत नाही.

पूर्ण सुकलेल्या स्प्रिंगला लिथियम ग्रीसमध्ये थोडी ग्राफाइट पूड मिसळून पातळ थर द्यावा. इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो. जास्तीचे ग्रीस वेढ्यांमधून बाहेर येते, फिरताना पट्ट्यावर उडते आणि मग पट्टा घसरून वेग का हलतो आहे याचा शोध आठवडाभर चालतो. स्प्रिंग परत भरताना बाहेरचे टोक अडकवून, आधी काढलेल्या चित्राच्या दिशेनेच, एकेक वेढा बोटांनी दाबून बसवावा. दिशा उलटी झाली तर हँडल फिरत राहते, पण चावी बसत नाही.

तपासणी: झाकण लावून झाल्यावर हँडल हाताने सावकाश दोन फेरे फिरवावे. आतले टोक धुरीला धरते आहे हे हाताला कळते. कळत नसेल तर डबा आत्ताच पुन्हा उघडावा.

## टप्पा ६: गव्हर्नर आणि चाके

वेग नियंत्रणात ठेवणारा गव्हर्नर हा मोटरचा सर्वांत नाजूक भाग. पात्यासारख्या पातळ स्प्रिंगांवर तीन वजने बसवलेली असतात. धुरी वेगाने फिरली की वजने बाहेर फेकली जातात आणि एक चकती सरकून चामड्याच्या छोट्या गादीवर घासते. वेग कमीजास्त करणारा स्क्रू त्या गादीलाच पुढेमागे करतो.

तिन्ही पात्यांवर वाक किंवा तडा आहे का ते पाहावे. एकच पाते खराब असले तरी तिन्ही एकदम बदलावीत, कारण जुने आणि नवे पाते सारखे वाकत नाही आणि धुरी थरथरते. गादी दगडासारखी कडक झाली असेल तर नवी लावावी आणि तिला तेलाचा एक थेंब द्यावा. कोरडी गादी किंचाळते, आणि तो आवाज रेकॉर्डमधूनही ऐकू येतो.

सगळी दातेरी चाके टर्पेंटाइन आणि दातघासणीच्या ब्रशने धुवावीत, दातांच्या मुळातला मळ बांबूच्या काडीने काढावा. तारेचा ब्रश वापरू नये. जोडताना धुरीच्या टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब आणि दातांना ग्रीसचा पुसट हात, एवढेच. गव्हर्नरच्या धुरीची टोके धरणारे स्क्रू इतके घट्ट हवेत की धुरी वरखाली हलणार नाही, आणि इतके सैल हवेत की बोटाने टिचकी दिल्यावर ती स्वतःहून काही वेळ फिरत राहील.

## टप्पा ७: मँड्रेल, फीड स्क्रू आणि हाफ नट

मँड्रेलवर गंजाचा एकही उभार राहता कामा नये, कारण तो सिलिंडरच्या आतल्या बाजूला ओरखडतो आणि सिलिंडर तिरका बसवतो. तेलात भिजवलेल्या कापडाने तो चोळून गुळगुळीत करावा. निकेलचा मुलामा उडालेला असला तरी पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर काम भागते.

फीड स्क्रूचे आटे फार बारीक असतात. त्यांच्यात सुती दोरा टर्पेंटाइनमध्ये भिजवून अडकवावा आणि हाताने स्क्रू फिरवत दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाऊ द्यावा. या आट्यांवर टेकणारा आणि कॅरेजला, म्हणजे रिप्रोड्यूसर धरणाऱ्या सरकत्या भागाला, पुढे ओढणारा छोटा तुकडा म्हणजे हाफ नट. त्याच्याही आट्यांमधला मळ काढून भिंगाने धार पाहावी. रेकॉर्ड एकाच ओळीवर अडकून तेच तेच वाजत राहते तेव्हा दोष बहुधा सिलिंडरवर ढकलला जातो. आधी हाफ नट पाहावा. तो आट्यांवर पूर्ण पण हलकेच टेकला पाहिजे. दाब जास्त झाला तर मोटर दमते, कमी झाला तर नट उड्या मारतो.

इशारा: कळ उचलल्याशिवाय कॅरेज हाताने कधीही बाजूला ढकलू नये. एका ढकलण्यात हाफ नटचे आटे सपाट होतात. घरातल्या मुलांना आणि पाहुण्यांना यंत्र दाखवताना ही एक गोष्ट आधी सांगावी.

## टप्पा ८: पट्टा

पट्टा चामड्याचा, एकसारख्या जाडीचा आणि चाकाच्या रुंदीपेक्षा किंचित अरुंद हवा. साधारण एक मिलिमीटर जाडीचे चामडे धारावीच्या चामडे बाजारात तुकड्यावर मिळते. दोन्ही टोके धारदार पात्याने तिरकी छाटून एकमेकांवर चिकटवावीत, म्हणजे सांध्याची जाडी बाकी पट्ट्याएवढीच राहते. गाठ मारणे, दोऱ्याने शिवणे किंवा स्टेपलर मारणे यांतले काहीही चालत नाही. सांधा चाकावरून जाताना दर वेळी सूर डगमगतो. रबराचा पट्टा ताणला जाऊन आखडतो, त्यामुळे तोही टाळावा. पट्टा बोटाने दाबल्यावर थोडा खाली जाईल इतकाच ताण द्यावा.

## टप्पा ९: सिलिंडरशिवाय चाचणी

या चाचणीला पुरेसा वेळ द्यावा. यंत्र जोडून, रिप्रोड्यूसर न लावता, अर्धी चावी द्यावी आणि कॅरेज खाली घेऊन हाफ नट लागू करावा. कॅरेजच्या शेजारी पोलादी फुटपट्टी धरावी आणि मोबाइलवर एक मिनिट लावावे. मँड्रेल मिनिटाला १६० फेऱ्यांनी फिरत असेल तर दोन मिनिटांच्या गतीत कॅरेज एका मिनिटात १.६ इंच, म्हणजे जवळजवळ ४०.६ मिलिमीटर सरकते. चार मिनिटांच्या गतीत बरोबर निम्मे, २०.३ मिलिमीटर. अंतर कमी भरले तर वेगाचा स्क्रू मोकळा करावा, जास्त भरले तर आवळावा. फेरे मोजण्याच्या कसरतीपेक्षा ही रीत मला जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्यात वेग आणि हाफ नटची पकड दोन्ही एकाच वेळी कळतात.

काही जण परदेशातून आलेली रेघांची पट्टी मँड्रेलवर गुंडाळून दिव्याखाली वेग पाहतात. तिथे एक मोठी गफलत होते. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची असल्यामुळे १६० फेऱ्यांसाठी त्यांची पट्टी ४५ रेघांची असते. आपली वीज ५० आवर्तनांची आहे. तीच पट्टी इथल्या दिव्याखाली मिनिटाला सुमारे १३३ फेऱ्यांवरच स्थिर दिसते, आणि मग सगळी गाणी जड, ओढल्यासारखी वाजतात.

तपासणी: कॅरेजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ द्यावे. मध्येच अडकणे, धप् आवाज, पट्टा सरकणे किंवा शेवटाकडे वेग उतरणे यांतले काही आढळले तर मागच्या संबंधित टप्प्याकडे परत जावे. ही चाचणी निर्दोष झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा १०: रिप्रोड्यूसर

आवाज खरखरीत, पत्र्यासारखा येतो तेव्हा दोष बहुधा पडद्याभोवतीच्या रबरी कड्यांचा असतो. ही कडी वाळून कडक होतात आणि पडदा मोकळेपणाने कंप पावत नाही. ती बदलण्यासाठी वरची गोल चकती सोडवावी लागते. तिच्यावरच्या दोन भोकांत बसणारा पाना वापरावा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून फिरवू नये. चकती जाम असेल तर कडेला टर्पेंटाइनचा थेंब सोडून रात्रभर थांबावे. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या डब्या काळाने फुगतात आणि चिरतात. अशा डबीवर जोर केला तर तिचे तुकडे होतात. डबीच्या अंगावर बारीक जाळीदार तडे दिसले तर ती घरी न उघडलेलीच बरी.

पडदा अभ्रकाचा, काचेचा किंवा तांब्याचा असू शकतो. अभ्रकाचे थर सुटले असतील किंवा तांब्याला चुणी पडली असेल तर तो बदलावा. पडदा आणि सुईचा दांडा यांना जोडणारा बारीक दुवा सरळ आणि मोकळा हवा. नवी कडी बसवताना चकती इतकीच फिरवावी की पडदा हलणार नाही. जोराने आवळली तर नव्या कड्यांचाही उपयोग राहत नाही. खालचे वजन आपल्याच भाराने सहज खाली पडले पाहिजे आणि बिजागरीत आडवे डुलता कामा नये.

सुईची तपासणी घड्याळजीच्या भिंगाने नीट होत नाही. मोबाइलला किंवा संगणकाला जोडता येणारा छोटा सूक्ष्मदर्शक घ्यावा आणि टोकावर सपाट झालेली जागा, कपची किंवा धार दिसते का ते वेगवेगळ्या कोनांतून पाहावे. शंका आली तर सुई बदलावी. यंत्राच्या बाकीच्या कोणत्याही भागात तडजोड करता येते, सुईत करू नये. घासलेल्या सुईने वाजवलेला मेणी सिलिंडर पुन्हा पहिल्यासारखा वाजत नाही.

## टप्पा ११: कर्णा

कर्ण्याचा भार कॅरेजवर पडू नये एवढे पाहिले की पुरे. मोठा कर्णा स्वतःच्या टांगणीवर लटकला पाहिजे आणि रिप्रोड्यूसरशी तो मऊ रबरी नळीच्या छोट्या तुकड्याने जोडला पाहिजे. औषधांच्या दुकानात मिळणारी लवचीक रबरी नळी योग्य मापाची असेल तर चालते. पितळी कर्णा चिंच-मीठ किंवा भांडी उजळण्याच्या पुडीने घासू नये. रंगवलेल्या कर्ण्यावरची फुले कोरड्या मऊ ब्रशनेच झाडावीत.

## टप्पा १२: सिलिंडर हाताळणे आणि पहिले वादन

मेणाचा सिलिंडर बाहेरून धरू नये. तर्जनी आणि मधले बोट आत घालून हलकेच फाकवावे आणि तेवढ्या आधारावर तो उचलावा. गार खोलीतून आलेल्या सिलिंडरला हाताची ऊब लागली तरी तो तडकू शकतो, म्हणून वातानुकूलित खोलीतून आणल्यावर त्याला तासभर बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे. पांढुरकी बुरशी दिसली तर ती अगदी मऊ, कोरड्या ब्रशने चऱ्यांच्या दिशेने झाडावी आणि तो सिलिंडर इतरांपासून वेगळा ठेवावा. बुरशीने खाल्लेले मेण परत येत नाही. तिथे खरखर राहणारच.

निळा सिलिंडर किंचित ओल्या कापडाने पुसता येतो, मात्र पाणी आतल्या प्लास्टरला लागू देऊ नये. स्पिरिट आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव सेल्युलॉइडला इजा करतात. सेल्युलॉइड झटकन पेट घेते हेही लक्षात ठेवावे आणि समई, उदबत्ती, मेणबत्ती जवळ ठेवू नये. दमट हवेत प्लास्टर फुगल्यामुळे हे सिलिंडर मँड्रेलवर पुरते चढत नाहीत. त्या वेळी दाबून बसवले तर सेल्युलॉइड उभे फाटते. आतले प्लास्टर बारीक पॉलिश पेपरने सगळीकडून सारखे, थोडे थोडे घासावे आणि दर वेळी चढवून पाहावे.

सिलिंडर चढवताना नावाची कड बाहेर, उजवीकडे येते. तो हलकेच सरकवावा आणि अडेल तिथे थांबावे. पहिले वादन आवडत्या सिलिंडरवर करू नये. ओरखडे पडलेला, त्याच प्रकारचा एखादा सिलिंडर चाचणीसाठी राखून ठेवावा. आधी मँड्रेल वेग घेऊ द्यावा, मगच सुई हळूच टेकवावी. सुईच्या घर्षणाने वेग किंचित उतरतो, म्हणून फुटपट्टीची मोजणी या वेळी पुन्हा करावी. वादनानंतर चऱ्यांवर राखाडी रेघ किंवा मेणाची पूड दिसली तर ताबडतोब थांबून सुई आणि रिप्रोड्यूसरचे अक्षर पुन्हा तपासावे.

घरगुती ध्वनिमुद्रणाचा तपकिरी सिलिंडर या यंत्रावर वाजवूच नये. यंत्र कितीही चांगले दुरुस्त झाले तरी त्या सुईचा भार मऊ मेणाला सोसत नाही. हलक्या विद्युत पिकअपने त्याची डिजिटल प्रत करून घ्यावी आणि मूळ सिलिंडर कापूस न लावता, उभा, डब्यात ठेवावा.

## पावसाळ्यातली देखभाल

वादन झाल्यावर स्प्रिंगची उरलेली चावी उतरू द्यावी, रिप्रोड्यूसर उचलून ठेवावा आणि पेटीच्या झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर या पुड्या दर पंधरा दिवसांनी बदलाव्यात. सिलिंडरच्या कपाटात डांबरगोळ्या टाकू नयेत. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर मागे हात जाईल इतकी फट सोडावी, कारण पावसात ती भिंत ओल धरते. सिलिंडर गाडीतून न्यायचे असतील तर ते बंद गाडीत उन्हात ठेवून खाली उतरू नये. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा यंत्र सिलिंडरशिवाय पाच मिनिटे चालवावे आणि पट्टा सैलावला असेल तर ताण जुळवून घ्यावा; पट्टा कापून लहान करण्याची घाई मात्र ऑक्टोबर संपेपर्यंत करू नये, कारण हवा कोरडी झाली की तो पुन्हा आखडतो.